नव्वद हजार ल्युमेन आणि एक डुक्कर

हरभऱ्याची पेरणी आटोपली की वाशिम जिल्ह्यात ब्याटऱ्यांचा हंगाम लागतो. रिसोडच्या आठवडी बाजारात, वाशिमच्या पाटणी चौकात, शेलूबाजारच्या रस्त्याकडेच्या दुकानांत, जिथे पावसाळ्यात मेणकापडं आणि गमबूट टांगलेले होते, त्याच खिळ्यांना आता ब्याटऱ्या लटकतात. लांबड्या, ठेंगण्या, कमरेला अडकवायच्या, डोक्याला बांधायच्या, रेडिओवाल्या, बिनरेडिओच्या. एकीच्या बगलेत तर इवलासा पंखा होता. मार्गशीर्षातल्या थंडीत गव्हाला पाणी देणाऱ्या माणसाला पंखा कशाला, असं मी विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "लागत नाही भाऊ, पन सोबत येते."

ब्याटरीपेक्षा तिचं खोकं जास्त वाचनीय असतं. खोक्यावर बर्फाचा डोंगर असतो, एक हेलिकॉप्टर असतं आणि दाढी राखलेला एक गोरा कमांडो कुठेतरी पल्याड प्रकाश फेकत असतो. त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं: ९०,००० ल्युमेन. खाली: ३ किलोमीटर. त्याच्या खाली: वॉटरप्रूफ, शॉकप्रूफ, मिलिटरी ग्रेड. किंमत साडेतीनशे, घासाघीस केली तर दोनशे ऐंशी. केंद्र सरकारने २०१८ साली देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली, तिच्यात आमच्या वाशिमचं नाव आहे. आकांक्षेच्या मानाने ते खोकंही आमच्याच जिल्ह्यातलं वाटतं. छापून मात्र चीनमधून येतं.

माझे मामा रिसोड तालुक्यातले. पैनगंगेच्या अंगाला आठ एकर वावर, विहीर, पाच एचपीची मोटर. त्यांनी ते खोकं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि दुकानदाराला विचारलं, "किती एचपीची व्हय ही?"

दुकानदार हसला. शेजारचं गिऱ्हाईक हसलं. मला मात्र तेव्हापासून वाटतं, की ब्याटरीविषयी विचारायचा याहून शास्त्रीय प्रश्न नाही.

कारण हिशेब करून पाहा. एलईडी कितीही गुणाची असली तरी एका वॅटमागे दीडशे, फार झालं तर दोनशे ल्युमेन देते. ९०,००० ल्युमेन काढायचे तर साडेचारशे वॅट तरी पाहिजेत. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे ही दोनशे ऐंशीची ब्याटरी अर्ध्या हॉर्सपॉवरच्या वरची झाली. उजेड नको असेल तेव्हा तिच्यावर घरच्या टाकीचं पाणी चढवता यायला हवं. दुसऱ्या बाजूने मोजा. चारचाकीच्या साध्या एच-४ बल्बचा अप्पर सोळाशे-साडेसोळाशे ल्युमेनचा असतो. म्हणजे असे चोपन्न-पंचावन्न बल्ब त्या मुठीएवढ्या नळकांड्यात कोंबलेले आहेत, असं खोक्याचं म्हणणं.

आता ही सगळी ताकद येते कुठून? आत एक सेल असतो, त्याला १८६५० म्हणतात. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, आणि शेवटचा शून्य तो गोल असल्याची खूण. चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजार मिलिअँपिअर-अवरच्या आसपास साठवतो, म्हणजे साडेबारा वॅट-तास. साडेचारशे वॅटने उपसलात तर एक मिनिट चाळीस सेकंदांत विहीर कोरडी. तेवढ्यात तर मामांची तंबाखूसुद्धा मळून होत नाही. आणि हेही सेलने दम धरला तर. एवढी ओढ काढली तर सेल आधी तापेल, मग फुगेल, आणि मग जो उजेड पडेल तो खोक्यावरच्या हेलिकॉप्टरलाही दिसेल. सुदैवाने तसं काही होत नाही. खोक्यातली ब्याटरी आपले तीन-चारशे ल्युमेन गुपचूप देते आणि उरलेले शून्य छापखान्याच्या नावावर राहतात.

मामांनी ब्याटरी घेतलीच, आणि तिच्यातल्या सेलवर मात्र ९,९०० लिहिलेलं होतं. मामांचा धाकटा वाशिमला आयटीआय शिकलेला. त्याने कुठेतरी वाचलं होतं की खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या वर भरतो आणि नकली हलका असतो. घरचा काटा कापूस मोजायचा, त्यावर सेल ठेवला तर काटा हललाच नाही. तेव्हा मामा तो सेल घेऊन सराफाकडे गेले. सराफाने सवयीने आधी तो कापडाने पुसला, मग काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवला, पेटीचं दार लावलं, आणि आकडा थांबेपर्यंत आम्ही सगळे श्वास धरून उभे. अठ्ठावीस ग्रॅम. सराफाने तोच गंभीर चेहरा केला जो तो बेन्टेक्सच्या पाटल्या पाहून करतो.

"मामा, याच्यात घट लय हाय."

"मंग मोड तं येईन ना काही?"

"दुसरा नवा घ्यान तरी याची मोड येत नाही."

नकली सेलच्या पोटात कधी छोटा सेल असतो, तर कधी वजन भरायला चक्क भुकटी. मामा म्हणाले, निदान पीठ तरी भरायचं होतं, ढोराच्या कामी आलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, घरी झोपायचं सोडून रात्री वावरात जायचंच कशाला. रब्बीचं पाणी आणि विजेचं वेळापत्रक या दोघांची पत्रिका जुळलेली नाही म्हणून. कृषिपंपांना चक्राकार पद्धतीने दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास थ्री फेज, असा शिरस्ता वर्षानुवर्षं चालला. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात अख्खं शिवार जागं. पुण्या-मुंबईकडे रात्री फिरणारी माणसं दिसली तर लोक पोलिसांना फोन करतात. आमच्याकडे हिवाळ्यात रात्री दोन वाजता पांदणीने माणूस चालताना दिसला नाही तर विचारतात, बिमार हाय काय? स्प्रिंकलरचे पाईप दर काही तासांनी उचलून पुढच्या पट्टीत न्यायचे, नोझलात खडा अडकला तर काढायचा, डीपीवरचा फ्यूज उडाला तर लाईनमनच्या नावाने आधी हाक आणि मग शिवी द्यायची, ही सगळी कामं अंधारात करायची. एक हात पाईपाला, एक हात धोतराला, आणि ब्याटरी दातात.

दातात धरणं ही ब्याटरीची पहिली परीक्षा. अमेरिकेत ही परीक्षा नाही. तिथल्या ब्याटरी बनवणाऱ्यांनी २००९ साली एकत्र बसून एफएल-१ नावाचं प्रमाण ठरवलं आणि खोक्यावर काय छापायचं, ते कसं मोजायचं, याचे नियम घातले. चांगले नियम आहेत, जे पाळतात ते पाळतात. फक्त ते बारकाईने वाचले की माणूस थोडा विचारात पडतो. उजेड मोजायचा तो ब्याटरी लावल्यापासून अर्ध्या मिनिटाने आणि दोन मिनिटांच्या आत. आणि "इतके तास चालते" म्हणजे त्या पहिल्या उजेडाचे दहा टक्के उरेपर्यंत चालते. नव्वद टक्के जीव गेला तरी ब्याटरी कामावर हजर समजायची. या हिशेबाने आमच्या गावच्या पारावर बसणारे सगळे म्हातारे अजून पहिलवान आहेत.

ही लबाडी नव्हे, अडचण खरी आहे. जुना बल्ब आपली उष्णता उजेडाबरोबर समोर फेकून मोकळा व्हायचा. एलईडी उजेड पुढे पाठवते आणि ताप मागे ठेवते. तो ताप अ‍ॅल्युमिनियमच्या अंगातून हवेत जाईपर्यंत तिला दम खावा लागतो, म्हणून भल्या ब्याटरीतलं सर्किटच काही मिनिटांत उजेड उतरवतं. ज्यांच्यात सर्किट नाही त्या ब्याटऱ्या स्वतःला भाजून घेतात आणि दुसऱ्या हंगामात निळ्या पडतात. थंडीत या तापाचा एक फायदा आहे: हात शेकता येतात. मामांचं मत, की त्यांच्याकडच्या एका ब्याटरीत उजेड हा जोडधंदा होता.

थोडक्यात, खोक्यावरचा आकडा पहिल्या दोन मिनिटांचा आणि आमची लाईन रात्रभराची. दुकानदारही ब्याटरी दाखवतो ती भर दुपारी, स्वतःच्या तळहातावर, चार सेकंद.

लांब फेकण्याचंही तसंच. ज्याला आमच्याकडे ब्याटरीची "फेक" म्हणतात, तिचा नियम असा, की ज्या अंतरावर उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंत फेक धरायची. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. म्हणजे खरी, इमानदार, एक किलोमीटर फेकीची ब्याटरी घेतली, तर एक किलोमीटरवरचं डुक्कर तुम्हाला कोजागिरीच्या चांदण्यात उभं असल्यासारखं दिसेल. आता कोजागिरीला गच्चीवरून एक किलोमीटरवरचं डुक्कर दिसतं का, हे ज्याने त्याने मसाला दूध पिता पिता ठरवावं. आणि दिसलंच, तरी तुम्ही तिथे पोचेस्तोवर ते हरभरा खाऊन, लोळून, दुसऱ्याच्या वावरात गेलेलं असतं. तीन किलोमीटरची फेक तर आमच्या उपयोगाचीच नाही. तीन किलोमीटरवर आमचं वावर नसून व्याह्यांचं आहे.

तरी फेकीचा मोह कुणाला सुटत नाही. नवी ब्याटरी घेतलेला माणूस पहिल्या रात्री ओळखू येतो. तो खाली पाहून चालत नाही. मंदिराचा कळस, मोबाईलचा टॉवर, नदीपलीकडच्या गावाची पाण्याची टाकी, सगळ्यांवर एकेकदा उजेड मारून होतो. त्या भरात त्याचा पाय दांडात जातो. आणि समोरून कुणी आलं की उजेड थेट तोंडावर:

"कोन व्हय रे?"

"तुहा बाप! ब्याटरी खाली कर आधी, आंधया झालो ना मी!"

नंतर कळतं, की तो खरंच बाप असतो.

जुन्या ब्याटऱ्यांत हे भांडण नव्हतं. एव्हरेडीची दोन सेलची किंवा जीपची पितळी, चकचकीत ब्याटरी म्हणजे दहा-पंधरा ल्युमेनचा कारभार. पावलापुढचं पाऊल दिसायचं, त्यापुढचं देवावर. पण तिचं डोकं फिरवून फोकस लहानमोठा व्हायचा, बुडाच्या झाकणात जादा बल्ब ठेवलेला असायचा, आणि सेल मंदावले की ते पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे. त्याने खरंच थोडा जीव यायचा. उबेने आतली रसायनं जराशी हलतात. एकीचं तर नावच "जीवनसाथी" होतं. मामींना ते कधी आवडलं नाही. "रात्रभर तिच्यासंगं वावरात अन् दिवसभर माह्यासंगं भांडन," असं त्या म्हणायच्या. पण जुनं ते सोनं म्हणायला मी तयार नाही. सेल गळून आत पांढरं-निळं पीठ जमायचं, स्प्रिंग गंजायची, आणि नेमकं मण्यार आडवी गेल्यावर ब्याटरीला दोन थपडा माराव्या लागायच्या. साप तोवर थांबतोच असं नाही.

सापाचा विषय निघालाच आहे. मण्यारीचा दंश बहुतेक वेळा दुखतही नाही, म्हणून रात्रीचा उजेड हा आमच्याकडे चैनीचा विषय नाही. पण इथे ल्युमेनपेक्षा रंग महत्त्वाचा. स्वस्त एलईडीचा उजेड निळसर पांढरा असतो, त्यात तांबडं जवळजवळ नसतंच. तपकिरी, राखाडी, मातकट सगळं एका मापाचं दिसतं. जुन्या पिवळ्या बल्बात उजेड थोडा होता, पण मातीचा रंग मातीचा आणि घोणशीचा घोणशीचा होता. आदि शंकराचार्यांनी अंधारातल्या दोरीला साप समजणाऱ्या माणसाचा दाखला दिला. त्यांच्या काळी ठिबक नव्हतं. चिखलाने माखलेली ठिबकची काळी नळी, वळसे घेऊन पडलेली, आणि तिच्यावर नव्वद हजारवाला निळा झोत: तिथे मोठमोठे वेदान्ती एका उडीत धुऱ्यावर चढलेले मी पाहिलेत. उलटा प्रकार जास्त वाईट. नळी समजून उचलायला जावं आणि नळीने स्वतःहून बाजूला व्हावं.

म्हणून ब्याटरी घेताना मामा आता एक उपाय करतात, तो मला पसंत आहे. दुकानात तिचा उजेड भिंतीवर मारत नाहीत, स्वतःच्या तळहातावर मारतात आणि पाहतात. हात जिवंत माणसाचा दिसला तर ठेवतात. मेलेल्याचा दिसला तर परत करतात.

बटणाविषयी मात्र कितीही लिहिलं तरी कमी. पूर्वी ब्याटरीला दोन अवस्था होत्या, चालू आणि बंद. आता एकाच बटणात पाच आहेत. पहिल्यांदा दाबलं की फुल्ल, दुसऱ्यांदा मध्यम, तिसऱ्यांदा मंद, चौथ्यांदा लग्नाच्या डीजेसारखं लपलप, आणि पाचव्यांदा एसओएस. तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड. हा इशारा १९०६ साली बर्लिनच्या परिषदेत बुडणाऱ्या जहाजांसाठी नक्की झाला. समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटरच्या पलीकडे. पैनगंगेत हिवाळ्यात जहाज काय, म्हैस बुडत नाही. तरी बंद करायची तर या पाचही अवस्थांतून गेल्याशिवाय मोक्ष नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. हरभरा घाट्यावर आलेला. दहा पावलांवर खुसफुस ऐकू आली. मामांनी ब्याटरी लावली: फुल्ल. समोर डुकरांचा कळप, मधोमध एक भला थोरला नर, सुळे बाहेर, नाकावर आमचीच माती. मामांनी मला मागे ओढलं आणि त्या धक्क्यात बटण पुन्हा दाबलं गेलं. मध्यम. चिखलाने भरलेला अंगठा घसरला. मंद. मामा घाबरून दाबत सुटले, आणि डुक्कर मान तिरकी करून पाहू लागलं, कारण ब्याटरी आता मोर्स लिपीत बोलत होती. तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड. अर्थ अगदी बरोबर होता. आम्हाला खरंच वाचवायला हवं होतं. फक्त ज्याला सांगायचं होतं तो जहाजावरचा नव्हता. शेवटी धाकट्याने डबा वाजवला आणि कळप आपल्या सवडीने पांगला. मामांनी दुसऱ्या दिवशी दुकानदाराला विचारलं, "यातले चार काढून एकच ठेवता येईन काय? पैसे तेवढेच घे."

डुकराचं आणि उजेडाचं मुळात जमत नाही, याचं कारण पुढे कळलं. रात्री ब्याटरी मारली की रोह्याचे डोळे चमकतात, हरणाचे, मांजरीचे, गाईचे चमकतात. त्यांच्या डोळ्यांत मागे एक आरसा असतो, आलेला उजेड परत पाठवणारा. ब्याटरी कपाळाशी धरून नीट पाहिलं तर ओल्या मातीवर हिऱ्याची कणी सांडल्यासारखं बारीक लुकलुकतं. ते दव नसतं, कोळ्यांचे डोळे असतात. एवढ्याशा कोळ्याला जो आरसा आहे तो डुकराला मात्र नाही. तुम्ही त्याच्या तोंडावर ल्युमेन ओता, ते काळंच्या काळं उभं. आणि त्याला तुमची ब्याटरी दिसली काय, न दिसली काय, सारखंच. त्याचा सगळा कारभार नाकावर. वाऱ्याने मामांची तंबाखू त्याला अर्ध्या किलोमीटरवरून कळते. या स्पर्धेत फेक त्याचीच जास्त.

लोकांनी धुऱ्याभोवती जुनी लुगडी बांधली, झटका मशीन बसवलं, भोंग्यावर वाघाची डरकाळी लावली. एकाने बांबूला लपलप करणारी ब्याटरी टांगली. पहिले तीन दिवस डुकरं आली नाहीत. चौथ्या दिवशी आली आणि तिच्या उजेडात चरली.

फुल्ल फेकीचा एक उपयोग मात्र खराखुरा होता आणि तो कुठल्याच खोक्यावर छापलेला नाही. पाईप बदलणारा वावराच्या त्या टोकाला, मोटरपाशी दुसरा या टोकाला. दोनदा उघडझाप केली की मोटर बंद, एकदा केली की चालू. दहा ल्युमेनच्या जमान्यात ही खूण ज्याची त्याला कळायची. मामांच्या नव्या ब्याटरीने दोनदा उघडझाप केली तेव्हा नदीच्या अल्याडपल्याडच्या सगळ्या मोटरी बंद झाल्या. दहा मिनिटं शिवारात चिडीचूप. मग कुठूनतरी एक आवाज आला, "लाईन गेली काय बे?" आणि सगळे एकमेकांना फोन लावू लागले.

आता टिकाऊपणाचं. खोक्यावर लिहिलेलं असतं, एलईडीचं आयुष्य ५०,००० तास. रोज रात्री आठ तास लावली तरी सतरा वर्षं. म्हणजे आज घेतली तर बारशातलं पोर बारावीला जाईल तरी एलईडी जिवंत. यात खोटं फारसं नाही; एलईडी जगतेच. मरतं ते तिच्या भोवतीचं सगळं. बटणावरचं रबर पहिल्या हंगामात, चार्जिंगची पिन दुसऱ्या हंगामात, वायसर उंदराने खाल्लेला. आमच्याकडे अशा अमर एलईडी फडताळात भरून ठेवलेल्या आहेत, एकीलाही अंग नाही.

त्या एफएल-१ प्रमाणात एक मीटरवरून सिमेंटवर पाडायची परीक्षा आहे. आमच्या वावरात सिमेंट कुठे? ओलित केलेल्या काळ्या मातीत ब्याटरी पडली तर फुटत नाही, हरवते. लागलेल्या अवस्थेत पडली तर उजेडावरून सापडते. बंद पडली तर सोंगणीला सापडते. चिखल आट्यांत जाऊन वाळला की झाकण जन्मभराचं जाम. पाण्याची परीक्षा आहे, एक मीटर खोल, अर्धा तास. आमच्या विहिरीला पन्नास फूट पाणी, आणि गळाला दोर बांधून ब्याटरी काढायला लागते एक दुपार. हरभऱ्याच्या आंबेची परीक्षा तर कुणाच्या डोक्यातच आलेली नाही. पहाटे दव पडलेल्या हरभऱ्यातून चाललं की पॅन्ट ताठ होते, बूट पांढरे पडतात. रात्रभर त्या आंबेत पडून राहिलेल्या ब्याटरीवरचं "मिलिटरी ग्रेड" सकाळी पुसट झालेलं असतं. मिलिटरीला हरभऱ्यात लढाई करायची वेळ आली नाही, हे देशाचं भाग्य.

सगळ्यात जास्त टिकली ती धाकट्याने जोडलेली. एकीचं डोकं, दुसरीचं अंग, लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेला खरा सेल, वरून सायकलच्या ट्यूबचं कातडं आणि सुतळी. फुल्लही नाही, लपलपही नाही, एकच पिवळट उजेड, पण संध्याकाळी लावली की कोंबडा आरवेपर्यंत तेवढाच. दिसायला ती गावठी बॉम्बसारखी होती, म्हणून एसटीतून नेताना कंडक्टर तिला मामांच्या मांडीवर ठेवू देत नसे.

यंदा मामांना सरकारी योजनेतला सौर पंप बसला. दहा टक्के हिस्सा भरला, पॅनल लागलं, मोटर दिवसा चालू लागली. रात्रीचं ओलित संपलं. मामींनी ब्याटऱ्यांचं खोकं माळ्यावर टाकायला काढलं. तेवढ्यात नदीपलीकडच्या गावातून बातमी आली, की एकाच्या पॅनलची केबल रात्रीतून कापून नेली. मामांनी खोकं खाली घेतलं. आता रोज रात्री ते पॅनलच्या राखणीला जातात. परवा धाकट्याला विचारत होते:

"काय रे, चोराचे डोये चमकतात काय उजेडात?"

"नाही ना बाबा. मानसाच्या डोयात तो आरसा नसते."

मामांनी तंबाखूची पिचकारी टाकली.

"म्हन्जे डुकराचीच जात व्हय."